"एंट्री पडली का?" : डेटाबेसची चूक काउंटरवरच्या माणसाला कशी सांगावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळांची फी जमा करण्याचं सॉफ्टवेअर तुम्ही बनवलं आहे, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. सुरुवातीला डेटाबेसचा इंग्रजी संदेश जसाच्या तसा पडद्यावर यायचा आणि फी घेणाऱ्या क्लार्कबाई घाबरून हात आखडायच्या. म्हणून तुम्ही सगळीकडे 'काहीतरी चूक झाली आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे एकच वाक्य टाकलं. त्यानंतर सपोर्टचे फोन कमी होण्याऐवजी वाढले. तुमचे वरिष्ठ म्हणतात, मूळ संदेश परत दाखवा. संस्थाचालक म्हणतात, सगळ्या संदेशांचं मराठी भाषांतर करून द्या. यातलं काय करायचं?

मी गेली १४ वर्षं पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काम करते आहे. कॅशियर, शाखाधिकारी, पिग्मी एजंट हे माझे वापरकर्ते. तुम्ही लिहिलेले तिन्ही मार्ग मी चालून पाहिले आहेत आणि तिन्ही अपुरे पडले, कारण तिन्हींचा रोख 'डेटाबेस काय म्हणाला' यावर आहे. काउंटरवर बसलेल्या बाईंना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. समोर पालक उभे आहेत, पैसे मोजून घेतलेत, बटण दाबलंय आणि पडद्यावर लाल चौकट आली आहे. त्या क्षणी त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: एंट्री पडली का? त्याला लागूनच दुसरा: आता मी काय करू? डेटाबेसला या दोन्हींची उत्तरं देता येत नाहीत. आपण फी घेत होतो की पत्ता बदलत होतो हेच त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं तुमच्या प्रोग्राममधल्या त्या एका जागेला, जिथे 'फी जमा करा' हे काम सुरू झालं. म्हणून संदेश तिथेच तयार व्हायला हवा. सगळ्या चुका पकडून भाषांतर करणारं एकच मध्यवर्ती फंक्शन कितीही नीट लिहिलं तरी पुरणार नाही.

हे मला एका पतसंस्थेत कळलं. संध्याकाळची वेळ, पिग्मी एजंट दिवसभराचा भरणा घेऊन आलेले, आणि मध्येच नेटवर्क गेलं. पडद्यावर आमचं वाक्य आलं: पुन्हा प्रयत्न करा. कॅशियरताईंनी ते ऐकलं. पहिल्या वेळी डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाली होती, फक्त ती झाल्याचा निरोप परत पोचला नव्हता. त्यामुळे एका एजंटाचा भरणा दोनदा पडला. दिवसाखेर किर्दीतली शिल्लक आणि हातातली रोकड जुळेना, तेवढी रक्कम कमी भरली. ताई रात्री ९ पर्यंत नोटा मोजत बसल्या होत्या आणि आपल्याच हातून पैसे गेले असं समजून रडकुंडीला आल्या होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती. चूक आमच्या वाक्याने करायला लावली होती. ते मी आजही विसरलेले नाही, आणि म्हणूनच 'पुन्हा प्रयत्न करा' हे शब्द मी खूप जपून वापरते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक चुकीला आधी हे विचारते: नोंद नक्की झाली नाही, नक्की झाली, की आपल्यालाच माहीत नाही? युनिक कन्स्ट्रेंट (एकच किंमत दोनदा येऊ न देणारी डेटाबेसची अट) किंवा फॉरेन की कन्स्ट्रेंट (एका नोंदीवर दुसरी अवलंबून असण्याची अट) मोडला असेल आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणारा कामांचा गट) मागे फिरवलं असेल, तर नोंद नक्की झालेली नाही. हे ठामपणे सांगा: 'पावती झालेली नाही. पैसे जमा झालेले नाहीत.' पण कमिट, म्हणजे 'नोंद पक्की कर' असा आदेश, पाठवल्यावर कनेक्शन तुटलं, म्हणजे कोणती चूक ते सांगणारा ०८००६ सारखा कोड आला, तर प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' हेच आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणित नियमांत या अवस्थेसाठी ०८००७ असा वेगळा कोडही ठेवलेला आहे, पण व्यवहारात तो क्वचितच हाती लागतो, बहुधा नुसतं कनेक्शन तुटल्याचंच कळतं. अशा वेळी 'चूक झाली' म्हणणंही खोटं आणि 'जमा झाले' म्हणणंही खोटं.

यावर उपाय शब्दांत नाही, रचनेत आहे. फीचा फॉर्म उघडतानाच त्याला एक स्वतंत्र विनंती क्रमांक द्या आणि पावतीच्या टेबलात त्या क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट ठेवा. कनेक्शन परत आलं की प्रोग्रामने त्याच क्रमांकाने पुन्हा नोंद करून पाहावी. पहिली पडली नसेल तर आता पडेल. पडली असेल तर डेटाबेस २३५०५ देईल, म्हणजे 'हे आधीच आहे'. इथे ती चूक राहातच नाही, ती आनंदाची बातमी असते. पडद्यावर तांबड्या चौकटीऐवजी साधं वाक्य येऊ दे: 'फी जमा झाली आहे. पावती क्र. ४१२.' बाईंना मध्ये काय घडलं ते कळायचीही गरज नाही.

आता लक्षात घ्या, तोच २३५०५ दुसऱ्या ठिकाणी अगदी वेगळं सांगतो. नवीन सभासद नोंदवताना पॅन क्रमांक आधीच कुणाच्या तरी नावावर असेल तर तोच कोड येतो. तिथे क्लार्कने थांबून पाहायला हवं की माणूस तोच आहे की अंक चुकलाय. आणि तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. एका संस्थेचा जुना डेटा आम्ही नव्या पोस्टग्रेसमध्ये आणला, जुने आयडी जसेच्या तसे भरले, पण आयडी देणारा सिक्वेन्स पुढे सरकवायचा राहिला. सोमवारी सकाळी पहिला नवीन सभासद नोंदवताना सिक्वेन्सने आधीच वापरलेला आयडी दिला आणि २३५०५ आला. आमच्या मध्यवर्ती फंक्शनने इमानेइतबारे सांगितलं, 'हा सभासद आधीच नोंदवलेला आहे.' तो माणूस गावात नव्यानेच राहायला आला होता. शाखेतल्या दोघांनी अख्खी सकाळ त्याचं नाव जुन्या यादीत शोधण्यात घालवली. संदेश मराठीत होता, सौम्य होता, वाचायला सोपा होता, आणि साफ खोटा होता.

म्हणून कोड बघून वाक्य ठरवू नका. कन्स्ट्रेंटचं नाव बघा. पोस्टग्रेस ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, चुकीसोबत टेबलाचं आणि कन्स्ट्रेंटचं नाव वेगळ्या रकान्यात मिळतं. इंग्रजी वाक्यातून ते खरवडून काढायची गरज नाही, आणि काढूही नये, कारण सर्व्हरची भाषा किंवा आवृत्ती बदलली की ते वाक्य बदलतं. तुमच्या कन्स्ट्रेंटना आपोआप पडलेली नावं असतील तर आधी ती बदलून घ्या. 'पावती_विनंती_युनिक', 'सभासद_पॅन_युनिक' अशी. मग ज्या कामात ज्या कन्स्ट्रेंटची अपेक्षा आहे, त्याचं वाक्य त्या कामाशेजारीच लिहा. ज्याची अपेक्षाच नाही, उदाहरणार्थ प्रायमरी की (प्रत्येक नोंदीचा आयडी), ती मोडली तर दोष आपला आहे आणि वापरकर्त्याने शोधण्यासारखं काही नाही. तिथे मी एवढंच दाखवते: 'नोंद झालेली नाही. ही अडचण सॉफ्टवेअरमधली आहे, तुमच्या माहितीत चूक नाही. आम्हाला कळवताना हा क्रमांक सांगा.'

काही चुका माणसापर्यंत येऊच नयेत. दोन काउंटरवर एकाच वेळी काम चाललं की कधी डेडलॉक होतो, म्हणजे दोन्ही कामं एकमेकांची वाट बघत अडकतात. पोस्टग्रेसमध्ये त्याचा कोड ४०पी०१, आणि एकाच वेळच्या कामांचा क्रम न जुळण्याचा (सिरियलायझेशनचा) प्रश्न असेल तर ४०००१. ट्रान्झॅक्शन पूर्ण मागे फिरलेलं असतं, तेव्हा प्रोग्रामनेच किंचित थांबून दोनतीनदा ते सुरुवातीपासून चालवावं. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसचा १२०५ हा संदेश तर स्वतःच सांगतो की तुमचं ट्रान्झॅक्शन 'व्हिक्टिम' म्हणून निवडलं गेलं, पुन्हा चालवा. याचं भाषांतर 'आपली प्रक्रिया बळी ठरली आहे' असं झालेलं मी पाहिलं आहे. ते वाचलेल्या माणसाने त्या खात्याला दिवसभर हात लावला नाही. एक खबरदारी मात्र घ्या: मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्येही १२०५ आहे, पण त्याचा अर्थ लॉकची (दुसऱ्या कामाने अडवून ठेवलेली नोंद सुटण्याची) वाट बघून वेळ संपला. तिथे मूळ सेटिंगप्रमाणे फक्त शेवटचं विधान मागे फिरतं, अख्खं ट्रान्झॅक्शन नाही. रोलबॅक न करता, म्हणजे सगळं मागे न फिरवता, पुन्हा चालवलंत तर अर्धी कामं दोनदा होतील. शिवाय ती वाट मुळात ५० सेकंदांची असते. गोठलेल्या पडद्यासमोर ५० सेकंद म्हणजे रांगेतल्या माणसांसाठी फार झाले. ती मुदत कमी करा.

फॉरेन कीची गोष्ट वेगळी, तिच्यावर मी मुद्दाम वेळ घालवते. 'सभासद काढून टाका' दाबलं आणि २३५०३ आला, तर 'संबंधित नोंदी असल्याने काढता येत नाही' हे खरं असूनही निरुपयोगी आहे. कोणत्या नोंदी? रोलबॅक करा आणि मग मोजून सांगा (पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक आधी लागतोच, नाहीतर पुढच्या प्रत्येक क्वेरीला २५पी०२ येत राहतो आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, खरी पहिली चूक त्या गर्दीत हरवते). आम्ही असं लिहिलं: 'हे सभासद काढता येत नाहीत. ते ३ चालू कर्जांना जामीनदार आहेत.' खाली त्या कर्जांची यादी. ते बघून शाखाधिकारी म्हणाले, मला काढायचे नव्हतेच, राजीनामा आलाय, सभासदत्व बंद करायचं होतं. तशी सोयच आमच्याकडे नव्हती. तुमच्याकडेही बघा. शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव क्लार्क 'डिलीट' करायला जात असतील, तर त्यांना दाखला दिल्याची नोंद करायला जागा हवी आहे, चांगला संदेश नको आहे.

रिकामा रकाना किंवा ऋण रक्कम अशा गोष्टी फॉर्मवरच, त्या त्या रकान्याशेजारी सांगा. पण म्हणून डेटाबेसमधला कन्स्ट्रेंट काढू नका. 'आधी बघितलं, नव्हतं, मग टाकलं' या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या काउंटरवरून तीच नोंद पडू शकते.

लांबीबद्दल मात्र मराठी डेटा असणाऱ्यांनी विशेष जागरूक राहायला हवं. 'ज्ञानेश्वर' हे नाव वाचणाऱ्याला ४ अक्षरांचं. युनिकोडच्या हिशोबात ते १० चिन्हांचं आहे आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ३० बाइटचं. पोस्टग्रेस चिन्हं मोजतो. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मूळ सेटिंग बाइट मोजण्याचं, त्यामुळे २५ लांबीच्या रकान्यात हे एकटं नावसुद्धा मावत नाही. 'जास्तीत जास्त २५ अक्षरे' असं सांगितलं तर माणूस बोटांवर मोजून तुमच्याशी भांडेल, आणि तो बरोबर असेल. त्यातून पोस्टग्रेसचा २२००१ कोणता रकाना भरून वाहिला तेही सांगत नाही. एसक्यूएल सर्व्हरचीही २०१९ च्या आवृत्तीपर्यंत हीच कथा होती. तेव्हा लांबी फॉर्मवरच तपासा आणि त्याहून बरं म्हणजे नावांचे रकाने सढळ ठेवा. कुणाच्या नावाला जागा पुरत नाही हे त्याला सांगण्याची वेळच येऊ नये.

याउलट जी चूक यायला हवी ती न येण्याचेही प्रकार आहेत. 'कऱ्हाडे' मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: वेगळं 'ऱ' हे अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन्ही वेगळे. युनिक कन्स्ट्रेंट गप्प राहातो आणि एका माणसाची दोन खाती तयार होतात. साठवण्याआधी अशी रूपं एकसारखी करून घ्या.

इथवरचं एकत्र करायचं तर: नोंदीची अवस्था आधी सांगा, मग कारण, मग पुढची कृती. वाक्य कामाच्या जागी लिहा. जे प्रोग्राम स्वतः निस्तरू शकतो ते माणसावर ढकलू नका.

आता भाषा. संस्थाचालकांची मराठीची मागणी योग्यच आहे, फक्त शब्दकोश उघडून केलेलं भाषांतर त्यांना द्यायचं नाही. 'इनव्हॅलिड'चं 'अवैध' करतात. आपल्याकडे अवैध असते ती दारू किंवा वाळूचा उपसा. 'अवैध नोंद' वाचून एका क्लार्कने मला विचारलं होतं, 'मॅडम, माझ्यावर काही येणार तर नाही ना?' 'त्रुटी' हा शब्दही सरकारी पत्रव्यवहारातून अर्जातली उणीव म्हणून ओळखीचा झाला आहे, त्यामुळे सर्व्हर बंद पडल्यावर 'त्रुटी' लिहिलं तरी माणूस आपला कागद कुठे अपुरा पडला ते शोधू लागतो. 'आपण चुकीची माहिती प्रविष्ट केली आहे' यापेक्षा 'पॅन क्रमांक १० अक्षरांचा हवा, इथे ९ आहेत' हे लिहा. मराठीत कर्त्यावर बोट न ठेवता सांगायची फार चांगली सोय आहे: पावती झाली नाही, रक्कम जुळत नाही, खाते सापडले नाही. आणि शब्द त्यांचे वापरा. माझ्याकडे डे-एंड, व्हाउचर, खतावणी. तुमच्याकडे पावती, हप्ता, सवलत, जनरल रजिस्टर.

साच्यातली वाक्यंही मराठीत चालत नाहीत. '... सापडला नाही' या एका साच्यात सभासद बसतो, पण पावती सापडली नाही आणि खाते सापडले नाही असंच म्हणावं लागतं. गावाच्या नावाला 'मध्ये' चिकटवलंत तर 'पुणेमध्ये' तयार होतं, माणूस 'पुण्यात' म्हणतो. म्हणून पूर्ण वाक्यं वेगवेगळी लिहा, आणि बदलतं नाव वाक्यात गुंफण्याऐवजी खाली मांडा: 'शाखा: पुणे'.

वरिष्ठांची बाजूही खरी आहे, सपोर्टला मूळ संदेश लागतोच. पण तो क्लार्कच्या पडद्यावर असण्याची गरज नाही. पोस्टग्रेसच्या तपशिलात कन्स्ट्रेंट मोडणारी किंमत छापली जाते, म्हणजे कुणाचा तरी पॅन किंवा मोबाइल पडद्यावर येतो, आणि टेबलांची नावं बाहेर गेली की घुसखोराचं काम सोपं होतं. सुरक्षेच्या ज्ञात दोषांच्या सूचीत याला सीडब्ल्यूई-२०९ असा स्वतंत्र क्रमांकच आहे. मूळ संदेश, कोड, कन्स्ट्रेंट, पडदा, वापरकर्ता, वेळ हे सगळं लॉगमध्ये लिहा आणि माणसाला फक्त सहा अंकी संदर्भ क्रमांक द्या. संदेशात कोड नकोतच असं उपयोगितेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचं जुनं सूत्र आहे. मी ते पाळते, पण एवढा क्रमांक तळाशी ठेवते, कारण आमचे लोक फोन करतात. तो ४८ २७ १५ असा जोड्यांत न छापता ४ ८ २ ७ १ ५ असा सुटा छापा, नाहीतर फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तरची गल्लत होते. बरेच जण पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तेव्हा संदेश तीन सेकंदांत आपोआप गायब होऊ देऊ नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. काउंटरवरच्या अधिकृत क्लार्कला 'हा मोबाइल सहावीतल्या अमुक विद्यार्थ्याच्या पालकांचा आहे' हे दाखवणं उपयोगाचं आहे. तेच पालकांच्या अ‍ॅपवर दाखवलंत तर कुणाचीही माहिती कुणालाही कळेल. तसंच सर्व्हरची डिस्क भरली, म्हणजे ५३१०० आला, तर वापरकर्ता काहीच करू शकत नाही. एका संस्थेत आम्ही शाखाधिकाऱ्यांशी आधी बोलून ठेवलं होतं, म्हणून तिथे असं लिहिता आलं: 'सध्या नोंदी होत नाहीत. हातपावती द्या, नोंद नंतर करता येईल. मुख्य कार्यालयाला कळवले आहे.' हातपावती चालेल की नाही हा निर्णय प्रोग्रामरचा नाही. मुख्याध्यापकांना किंवा लेखापालांना विचारा, आणि 'कळवले आहे' तेव्हाच लिहा जेव्हा निरोप खरंच गेला असेल.

सुरुवात कुठून, असं विचाराल तर गेल्या महिन्याचा लॉग घ्या आणि कन्स्ट्रेंटच्या नावानुसार मोजा. वरची चारपाच नावं हातात घेऊन फीच्या गर्दीच्या दिवशी क्लार्कबाईंच्या शेजारी बसा, त्या पैसे घेताना काय बोलतात ते लिहून घ्या. नंतर चाचणीच्या मशीनवर त्यांनाच 'जमा करा' दाबायला सांगा आणि त्याच क्षणी नेटवर्कची वायर काढा. त्या काय करतात ते न बोलता बघा. लॉगमध्ये कन्स्ट्रेंटचं नाव अजून येतच नसेल, तर वाक्यं लिहायला घेण्याआधी तेवढं आजच चालू करा.